पेटीबाईंचं चौथं कडवं

आमच्या पेटीबाईंइतकं भित्रं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. त्या पालीला भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, वाढदिवसाच्या फुग्यांनासुद्धा भ्यायच्या. दवाखान्यात दंडाला पट्टा आवळला की त्यांचा रक्तदाब वाढायचा, आणि वाढलाय असं नर्सने सांगितलं की आणखी वाढायचा. सगळ्यात मोठी भीती बंद जागेची. लिफ्टमध्ये त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलं नाही. कुणी आजारी असलं तर चार-चार जिने चढून भेटायला जायच्या, आणि वर पोचल्यावर आजाऱ्यालाच उठून त्यांना पाणी द्यावं लागायचं. छावणीतून रिक्षाने शहरात निघालो आणि ज्याच्या कमानीखालून रस्ता जातो तो जुना बारापुल्ला दरवाजा आला, की डोळे गच्च मिटून माझं मनगट धरायच्या. "बाई, शेकडो वर्षं उभा आहे तो," मी म्हणायचे. "तेच म्हणते मी," त्या डोळे न उघडता म्हणायच्या, "अजून किती दिस उभा ऱ्हाईल? दमला असंल की आता."

छावणीतल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये त्यांनी चाळीस वर्षं हार्मोनियम वाजवली, म्हणून त्या पेटीबाई. पेशाने प्राथमिक शिक्षिका. अंगाने काडी, सुती पातळ, पदराला कायम एक सेफ्टी पिन आणि चष्म्याला दोरी. त्यांची जागा पाळकसाहेबांच्या डाव्या हाताला, दाराला अगदी लागून. का, तर "लागलंच पळायला तर बरं असतं." हे बोलणं थट्टेतलं नव्हतं. एका रविवारी गीत रंगात आलेलं असताना बाहेर वीज कडाडली. वळून पाहतो तर पेटी आहे, बाई नाहीत, आणि भात्यातली उरलेली हवा आपली सुरात बाहेर पडतेय. आम्ही दोन ओळी पेटीशिवायच म्हटल्या. तिसऱ्या ओळीला बाई आत आल्या, बसल्या, आणि जिथे सोडलं होतं तिथून नव्हे, तर आम्ही जिथे होतो तिथून बरोबर वाजवू लागल्या. नवल याचं वाटायचं की एरवी चहाचा कप धरताना कापणारी त्यांची बोटं पट्ट्यांवर पडली की दगडासारखी स्थिर व्हायची.

"भ्यालं की मला चाल सुचते," त्या सांगायच्या. "पोट भरलंय, ऊन पडलंय, पोरं सुखात हायेत, की काय नाय सुचत बघ." शाळेने टाकून दिलेलं एक हजेरीपुस्तक त्यांनी घरी आणलं होतं. मुलांची नावं लिहायच्या जागी गाण्याचे शब्द आणि तारखांच्या चौकटींत सा रे ग म. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर नाव असायचं ते त्या भीतीचं. 'विजेचं'. 'धाकट्याच्या मोटारसायकलचं'. 'लेकीच्या पहिल्या बाळंतपणाचं'. नाताळात घरोघर फिरताना ज्या गाण्यावर आमच्याकडची पोरंटोरं नाचतात, ते मूळचं 'पालीचं' आहे. बाई स्वयंपाकघरात स्टुलावर दीड तास उभ्या होत्या आणि पाल पिठाच्या डब्यावर बसून होती, तेव्हा ते झालं. हे फक्त मला ठाऊक, कारण गायकमंडळात पुढचा आवाज माझा आणि त्या हजेरीपुस्तकातून गाणी शिकून घ्यायचं काम माझ्याकडे.

त्यांच्या गाण्याला चार कडवी. तीन एका बैठकीत लिहायच्या आणि चौथ्याची जागा कोरी सोडायच्या, खाली पेन्सिलीने रेघ मारून. भीती सरली की मग चौथं. मी एकदा म्हटलं, बाई, एकदमच लिहून का टाकत नाही? तर म्हणाल्या, "आधीच आभार मानून ठेवले तर लाच दिल्यागत व्हतंय ते. देवाला लाच चालत नाय, अन् मला द्यायला जमत नाय."

"आणि जिची भीती वाटली तेच झालं तर?"

त्यांनी पानं उलटली आणि 'सरांच्या छातीचं' काढून दिलं. सर म्हणजे त्यांचे यजमान, तेही शिक्षक, छातीत दुखायला लागलं आणि आठ दिवसांत गेले. तीन कडवी निळ्या शाईत होती, चौथं काळ्या. "याला दोन वर्सं लागली. पण लिवलं," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्यात तक्रार असेल, नाहीतर ओढूनताणून आणलेलं समाधान असेल. दोन्ही नव्हतं. फळीवर दुसरा कप अजून आहे आणि देवा, तो तू पाहिला आहेस, एवढंच त्यात होतं.

त्यांची प्रार्थना नेहमी एकाच वाक्याने सुरू व्हायची: "देवबापा, मी भ्यालेय." गायकमंडळातल्या आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो. एका साखरपुड्यात त्यांना प्रार्थना सांगितली तर तिथेही तेच. नवऱ्या मुलीची आई महिनाभर रागावून होती. एकदा पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की विश्वास ठेवणाऱ्याने भिता कामा नये. उपासना सुटल्यावर दारात सगळ्यांना सलाम, म्हणजे आमच्यातला नमस्कार, करायला ते उभे होते. बाईंनी सलाम घेतला आणि म्हणाल्या, "पाळकसाहेब, देव जागोजागी 'भिऊ नको' म्हणतो, ते कुणाला? न भिणाऱ्याला सांगायचं काय काम पडलं त्याला?" पाळकसाहेब भला माणूस. ते हसले आणि पुढच्या रविवारी हाच प्रश्न त्यांनी उपदेशात घेतला.

इतके दिवस भीती ही बाईंची गोष्ट होती आणि हसायचं काम माझं होतं. मग माझ्या गळ्यात गाठ निघाली.

सुईची तपासणी झाली. गाठ वाईट नव्हती, पण मोठी होती, श्वासनलिकेवर दाब देत होती. काढायलाच हवी. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. ही ग्रंथी, ही गाठ, आणि ही दोऱ्यासारखी आवाजाची नस. ती गाठीला चिकटलेली दिसत होती. "आम्ही जपूच," ते म्हणाले, "पण आवाज बसू शकतो, बदलू शकतो. एखाद्या वेळी जातोही." तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. मी बजाजनगरच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. आवाज गेला तर नोकरी, गाणं आणि नवऱ्यावरचा धाक ही तिन्ही जाणार होती. प्रमोदला, म्हणजे नवऱ्याला, मी हे असंच हसत सांगितलं आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

त्या तीन आठवड्यांत सकाळी डोळे उघडले की आधी माझं नाव मोठ्याने उच्चारून बघायचे, आवाज आहे ना म्हणून. वर्गात हजेरी घेताना प्रत्येक नाव जणू शेवटचं घेतेय असं वाटायचं. एका दुपारी घरात कुणी नसताना मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि माझ्या लेकीला, शारोनला, हाका मारून ठेवल्या. जेवायला बोलावतानाची, शाळेसाठी उठवतानाची, रागावल्यावरची, ताप असताना कपाळाला हात लावून मारतात ती. दहा हाका झाल्या आणि अकराव्या वेळी तिचं नाव तोंडातून निघेना. गाठीमुळे नाही, रडण्यामुळे.

भेटायला माणसं यायची आणि सगळी एकच बोलायची: काही होणार नाही. माझ्या डोक्यात तिडीक जायची. यांना कुणी येऊन सांगितलं? मग एका दुपारी पेटीबाई आल्या. सलाम म्हणाल्या, खुर्चीवर बसल्या. चेहरा पांढराफटक. "करुणा," त्या म्हणाल्या, "मला तर लई भ्या वाटायलंय गं. तुझा आवाज गेला तर काय करायचं?"

इतक्या दिवसांत असं बोलायची कुणाची हिंमत झाली नव्हती. त्यांना घाम सुटलेला पाहून मीच उठले आणि चहा टाकला, साखर जास्त घालून. समाचाराला आलेल्या बाईची मी समजूत काढत होते आणि त्यात माझ्या लक्षात आलं, की आठवडाभरात पहिल्यांदा मला पुरता श्वास आला. कुणीतरी माझ्या बाजूला बसून भीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या प्रमोदकडून पेटी आणवून माझ्याच घरी बसल्या. "गा. आज तुझा आवाज जिथवर जातोय तिथवर नेऊ." तीन दुपारी लागल्या. चाल चढत जाणारी होती. पहिलं कडवं मधल्या सुरांत, दुसरं त्याच्या वर, आणि तिसऱ्यात तर अशी एक जागा होती की माझ्या आवाजाचं टोक तिथे लागायचं, त्याच्यापुढे एक पायरीसुद्धा नाही. धृपद साधंच होतं:

"दाराशी उभी भीती, देवा, आत तू ये रे,
तिच्या आधी ये रे, देवा, तिच्या आधी ये रे."

ते म्हणताना भीती जायची असं मी म्हणणार नाही. ती तिथेच दाराशी असायची. पण तेवढा वेळ ती दाराबाहेर असायची. हजेरीपुस्तकात बाईंनी वर लिहिलं, 'करुणाच्या गळ्याचं'. तीन कडवी लिहिली, चौथ्याखाली रेघ मारली. ती कोरी जागा मी इस्पितळात जाईपर्यंत रोज डोळ्यांसमोर पाहत होते.

शस्त्रक्रियेचं थिएटर पाचव्या मजल्यावर होतं. बाई जिन्याने चढून आल्या. तिथला काचेचा बंद दरवाजा पाहून आत यायला मात्र त्यांना धीर होईना. प्रमोदने नंतर सांगितलं, तीन तास त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर हजेरीपुस्तक, आणि बंद पुस्तकावर त्यांची बोटं पेटीसारखी चालली होती. येणारीजाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

आवाज गेला नाही. पण जो राहिला तो माझा नव्हता. आधी नुसती कुजबूज. मग घोगरा, जाड, खालचा. नस शाबूत आहे, थकली आहे, सुधारेल, डॉक्टर म्हणाले, वरचे सूर मात्र विसरा. घरी एकटी असताना मी ते गाणं म्हणून पाहिलं. तिसऱ्या कडव्यातली ती जागा आली आणि नुसती हवा आली. पुन्हा केलं, पुन्हा हवा.

बाई आल्या तेव्हा मी भांडायलाच बसले होते. भांडणही कुजबुजत. "कुणासाठी केलंत हे गाणं? मलाच म्हणता येत नाही ते."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "चूक झाली माझी. तुझा आवाज देवाला दाखवायला गेले मी. बघ, किती चांगला हाय, ह्यो नेऊ नको. जसं काय त्याला ठाऊकच नव्हता." त्यांचे डोळे भरून आले होते. चाळीस वर्षं ज्या बाईने देवाला लाच दिली नाही तिने माझ्यापायी तिसऱ्या कडव्यात नकळत ती देऊ केली होती. माझा राग त्याच क्षणी ओसरला आणि मला त्यांचीच कीव आली.

"गळा गप हाय तवर बोटं तरी बोलू देत," असं म्हणून त्यांनी मला पेटी शिकवायला घेतली. पाच महिने, शाळा सुटल्यावर रोज. माझी बोटं कापायची आणि भाता धसमुसळा चालायचा, त्याने सूर हेलकावे खायचा. त्या माझा डावा हात धरून सांगायच्या, "भ्या तुझ्यात ऱ्हाऊ दे. भात्यात जाऊ देऊ नको." हे वाक्य मी हजार वेळा तरी ऐकलं असेल.

पाचव्या महिन्यात एक दिवस त्यांनी गाणं उचलून खालच्या पट्टीत आणलं, काळी चारवरून काळी एकवर, आणि चौथं कडवं वाजवून दाखवलं. पहिली तीन कडवी चढत जातात. चौथं उतरत उतरत खर्जाकडे जातं, जिथे माझा हा नवा जाड आवाज आरामात बसतो.

"उंच नाही जाता येत, खाली तूच ये रे,
खालच्या या सुरामध्ये, देवा, ऐकून घे रे."

मी ते म्हटलं. आवाज फाटला नाही. त्या दिवसापासून चर्चमधली सगळी गीतं खालच्या पट्टीत वाजू लागली. गायकमंडळातल्या मालनताई चिडल्या. "एकीसाठी आम्ही सगळ्यांनी काय बैलासारखं हंबरायचं?" बाई म्हणाल्या, "हंबर की. देवाला खालचं बी ऐकू येतं." त्या वर्षी शाळेतही मी वर्गाला गाण्यातून पाढे शिकवायला लागले, चाली माझ्या मीच बसवून. ओरडता येत नव्हतं, म्हणून सुचलं.

यालाही आता तीन वर्षं झाली. गेल्या नाताळानंतर बाईंचं हृदय थकलं. चार पावलं चालल्या की धाप लागायची. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. दार सताड उघडं, खिडक्या उघड्या, त्या खुर्चीत. हजेरीपुस्तक माझ्या हातात दिलं. शेवटच्या पानावर नाव होतं, 'झाकणाचं'.

"मरायचं भ्या नाय गं," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडंच जायचंय. पण ते कॉफिनचं झाकण. त्याच्या विचारानं जीव घुसमटतो माझा." बोलताना त्यांनी पदर गळ्यापासून ओढून सैल केला. "आपल्याकडं काय व्हतं, तू बघितलंयस. झाकण लावायला घेतलं की सगळे रडायला लागत्यात. गाणं बंद पडतं. नुसता स्क्रू पिळायचा आवाज. तवा मी आत एकटी असंन, करुणा. तवा गप बसू नको. वाजवत ऱ्हा."

मी गाणं वाचलं. तीन कडवी होती. धृपदात म्हटलं होतं, "माझ्या आधी आत तू जा, जागा माझी धर." बाई ओशाळं हसल्या. "कन्नडला माहेरी जाताना सर एस्टीत खिडकीतनं रुमाल टाकून माझी जागा धरायचे. तसं."

"आणि चौथं?" मी विचारलं. उत्तर ठाऊक होतं तरी विचारलं.

"ते कसं लिवू? भ्या सरल्यावर लिवायचं असतं ते."

"मग मी..."

"तू बी नको लिवू. तुला काय ठाऊक तिथलं?"

उन्हाळा संपता संपता त्या गेल्या, सकाळी, त्याच खुर्चीत, दार उघडं ठेवून. दुसऱ्या दिवशी माती होती. चर्च भरलं होतं. दाराजवळच्या त्यांच्या जागेवर मी बसले आणि पट्ट्यांवर बोटं ठेवली तर ती थरथरत होती. मी जन्मात इतकी भ्याले नव्हते, शस्त्रक्रियेच्या दिवशीही नाही. समोर त्या होत्या, उघड्या कॉफिनमध्ये, चष्मा दोरीसकट छातीवर ठेवलेला. बाजूला भिंतीला टेकवून झाकण उभं होतं.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. 'झाकणाचं' आम्ही सुरू केलं, खालच्या पट्टीत. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं संपलं. शब्द संपले. पाळकसाहेबांनी मान हलवली आणि चौघांनी झाकण उचललं. त्यांची लेक मोठ्याने रडली आणि मग सगळं चर्चच रडू लागलं, बाई म्हणाल्या होत्या अगदी तसं.

मी वाजवत होते. चाल त्याच गाण्याची, कोऱ्या सोडलेल्या चौथ्या कडव्याच्या जागी, शब्दांवाचून. "करुणाताई," पाळकसाहेब हळूच म्हणाले. त्यांना वाटलं, गाणं संपलंय हे मला कळलं नाही. मी मानेनेच नाही म्हटलं. झाकण खाली आलं. लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज झाला आणि माझा श्वास कोंडला, जणू मीच आत होते. पहिला स्क्रू फिरायला लागला. तेवढ्यात माझ्यामागून एक सूर आला, तोंड मिटून धरलेला, खालचा, जाडसर. मालनताई होत्या. मग आणखी दोघीतिघी. शब्द कुणालाच ठाऊक नव्हते आणि कुणी ते शोधलेही नाहीत.

शेवटचा स्क्रू बसला. माणसं हात झटकून मागे झाली, बाहेर गाडी सुरू झाली, तरी माझी एक ओळ बाकी होती. ती मी सावकाश वाजवली. भीती माझ्यात होती, मावत नव्हती इतकी. भात्यात ती मी जाऊ दिली नाही.